हळद प्यालेलं हेड

पालमच्या एसटी स्टँडवर उतरून कल्याणराव उस्तादांचं दुकान विचारा, कुणीही दाखवील. विचारणारा घाईत असला तर लोक नुसतं बोट दाखवतात, आणि निवांत दिसला तर वर दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की उस्ताद हातोडीनं हेड वाजवतात आणि नुसत्या कानानं सांगतात, हे चालंल का न्हाई. दुसरी अशी, की त्यांच्या दुकानातून गेलेलं हेड आजवर माघारी आलेलं नाही. माणूस तापट आहे हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ते दुकानाच्या दारात पाय ठेवला की आपोआप कळतं.

आता हेड म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं एवढंच समजावं की इंजिनाच्या डोक्यावर बसणारा तो बिडाचा जड ठोकळा. त्याच्या पोटातून थंड ठेवणारं पाणी फिरतं, हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची भोकंही त्यातच. त्या भोकांची उघडमीट करणारी झाकणं म्हणजे वॉल, आणि वॉल जिच्यावर टेकतात त्या पोलादी रिंगा म्हणजे सीटा. त्याला केसाएवढी चीर गेली तरी पाणी इंजिनात उतरतं, गाडी तापते आणि जिथं असेल तिथं बसते. मग बसलेल्या गाडीत बायका आहेत का लेकरं आहेत, हे काही ती बघत नाही.

आश्रुबाच्या गाडीचं हेड असंच गेलं, आणि तेही दसरा झाल्यावर. आश्रुबा म्हणजे ऊसतोड टोळीचा मुकादम. जुन्या मॉडेलचा ट्रक, पण त्याचा जीव त्या ट्रकवर. दरवर्षी गावची टोळी, त्यांची भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं त्याच ट्रकमध्ये भरून तो कारखान्याला नेणार. दिवाळीच्या आत निघायचं ठरलेलं, लोकांनी गाठोडी बांधलेली, आणि ह्याची गाडी पांढरा धूर ओकायला लागलेली.

"उस्ताद, बाजारात नवं हेड मिळतंय म्हणं. तेच टाकू का?" आश्रुबानं विचारलं.

झालं! उस्तादांचा पारा चढायला एवढं पुरे होतं.

"नवं? अरे, आजकालचं ते नवं हेड पापडावानी पातळ असतंय. तुजी गाडी जुन्या काळची, तिला जुन्या काळचंच बीड पाहिजे, जाडजूड. मी आणतो. अन् मी आणलेलं हेड म्हणजे तू डोळे झाकून निघायचं."

"तेवढ्यासाठीच तर तुमच्याकडं आलोय," आश्रुबा म्हणाला. "वाटंत घाट हाय, उस्ताद. मागं अख्खी टोळी बसलेली असती."

"माजं हेड हाय म्हणलं ना!"

कल्याणरावांना हे वाक्य फार आवडायचं. त्यांच्या आयुष्याची कमाई काय विचाराल, तर हे वाक्य. थोरला पंकज पुण्याला कंपनीत लागला, तेव्हा उस्ताद दोन दिवस रुसून बसले होते. मग धाकटी रुद्राणी शिक्षण आटोपून घरी आली, एक दिवस बापाला डबा द्यायला म्हणून दुकानात आली, आणि परत गेलीच नाही. आधी नुसती बघायची. मग वॉल घासायला लागली. मग लेथ. लोक म्हणाले, उस्ताद, पोरीच्या जातीला हे काळं काम कशाला? उस्ताद म्हणाले, तुमच्या घरी तवा कोण घासतंय? पण एक गोष्ट त्यांनी तिच्या हातात दिली नव्हती. हेड पास करायचं काम त्यांचं. वाजवणार ते, सांगणार ते, आणि जबाबदारीही त्यांची.

तर बापलेक हेड आणायला नांदेडच्या भंगार बाजारात गेले. चंद्रभान नावाचा तिथला जुना व्यापारी, त्यानं आश्रुबाच्या गाडीला बसतील अशी दोन हेडं पुढं ठेवली. एक घासूनपुसून चकचकीत. दुसरं गंजलेलं, भोकांत माती, वर कोळ्याचं जाळं.

उस्ताद उकिडवे बसले. दोन्ही हेडं लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायला लावली, खिशातली हातोडी काढली आणि चकचकीत हेडावर हलकेच टोला दिला. टण्ण करून आवाज निघाला आणि बराच वेळ हवेत राहिला. उस्तादांनी डोळे मिटले. मग गंजक्यावर टोला दिला. ते बद्द वाजलं, ओल्या मडक्यासारखं.

"हे घ्यायचं," उस्ताद चकचकीतावर हात ठेवून म्हणाले. "अन् ते गेलेलं हाय."

रुद्राणी तोवर पट्टी लावून दोन्हींची जाडी मोजत होती. ती म्हणाली, "अप्पा, गंजक्याची जाडी जास्त हाय. ह्याला कुणी जास्त घासलेलं न्हाई. अन् बद्द वाजतंय ते पोटात क्षार बसलाय म्हणून वाजत असंल. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं असंच होतंय की."

"कान माजा हाय का तुजा?"

रुद्राणी गप्प बसली. पण गप्प बसताना तिनं चंद्रभानकडून ते गंजकंही पदरात पाडून घेतलं, भंगाराच्या भावात. बापाला तिनं सांगितलं की ठोकळा म्हणून कामाला येईल. उस्तादांना ते खोटं वाटलं, पण पोरगी घासाघीस करताना अगदी त्यांच्यासारखी हातवारे करत होती. मग ते मिशीत हसले फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी कपाळाला विभूती लावली आणि चकचकीत हेड तपासायला घेतलं. पृष्ठभागावर चुन्याचं पाणी फासून वाळवलं आणि भोकांतून रॉकेल ओतलं. चीर असली की रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उमटतो. बराच वेळ थांबले, डाग उमटला नाही.

"पास," उस्ताद म्हणाले. "सोड्यात टाकू नको, आधीच स्वच्छ हाय. रॉकेलनं धू अन् सीटा काढायला घे. आश्रुबाला फोन कर, म्हणावं उद्या गाडी चालू." आणि समोरच्या हॉटेलात चहाला गेले.

रुद्राणीनं काय केलं, तर हेड साखळीला लावून सोड्याच्या गरम टाकीत सोडलं. सांगितलेलं ऐकायचं नाही, हा गुण कुणाकडून आला हे पालममध्ये कुणाला विचारायची गरज नाही.

उस्तादांचा अर्धा कप संपला होता तेवढ्यात दुकानातून हाक आली.

"अप्पा! अप्पा, पळत या!"

आता उस्ताद कधी पळत गेलेत? कप संपवला, बशी पालथी घातली, धोतर झटकलं आणि चालत गेले. रुद्राणी टाकीवर वाकलेली, हेड साखळीवर अर्धं वर ओढलेलं, आणि चेहरा सोड्याच्या वाफेनं लालबुंद.

"इथं बघा, ह्या दोन सीटांच्या मधी. लाल रेघ आली होती. कुंकवाची ओढावी तशी, बारीक."

उस्तादांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. पुसून बघितलं. बोट फिरवलं.

"कुठं हाय?"

"तुमी येईपर्यंत गेली, अप्पा. सोड्यानं धुवून गेली."

"गंज असंल."

"गंज असा लाल नसतो. अन् गंज सोड्यात असा विरघळत न्हाई. अप्पा, ही हळद हाय! ह्याच्या चिरेत हळद बसलीय. म्हणून तर रॉकेल झिरपलं न्हाई. हवा भरून, गरम पाण्यात बुडवून बघू या."

उस्ताद ताठ उभे राहिले. रस्त्यावरचे लोक थबकावेत एवढा आवाज चढला. "मी पास केलेलं हेड हाय ते! पास केलेलं हेड परत तपासायचं म्हणजे काय? उद्या लोक म्हणतील, कल्याणरावच्या कानाला आता पाणी लागतंय साक्षीला!"

नेमका तेवढ्यात आश्रुबा आला. त्याचा चेहरा बघूनच कळत होतं की घरी बायनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, चांगलंच झापलंय.

"काय झालं? हेड तयार हाय ना? लोक माज्या दारात येऊन बसायलेत, उस्ताद."

"तयारच हाय," उस्ताद म्हणाले.

"न्हाई," रुद्राणी म्हणाली.

आश्रुबा एकदा बापाकडं बघे, एकदा लेकीकडं.

रुद्राणी जागची हलली नाही. "अप्पा, मी चुकले असले तर अर्धा दिवस वाया जाईल, एवढंच. तुमी चुकले असले तर गाडी घाटात बसंल. मागं लेकरं असतेत."

उस्तादांनी हातोडी फळीवर आपटली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि जेवायला घरी निघून गेले. अजून जेवणाची वेळही झाली नव्हती.

घरी महादेवीनं ताट वाढलं. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत तिला कळलं होतं की ह्या माणसाला विचारलं की तो सांगत नाही, आणि नाही विचारलं की पोटात राहत नाही. दोन घास झाले आणि उस्ताद म्हणाले,

"हळद सोड्यात पडली तर काय होतंय गं?"

"लाल होती."

"कशावरून?"

"आता बघा!" महादेवी हसली. "लुगड्यावरचा हळदीचा डाग साबणानं घासला की लाल होतोय, एवढं बी मालूम न्हाई? कुंकू कसं करतेत मग? सगळी जिंदगी लोखंडात घातली तुमी."

उस्तादांचा घास हातातच राहिला. हळद! बसमतकडच्या गाड्यांचे ड्रायव्हर काय करतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तिकडं घराघरात हळद. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद पाण्यात टाकायची, ती फुगते, चिरेत जाऊन बसते, आणि गळती थांबते. गाडी घरापर्यंत येते. आणि हा सल्ला रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरांना फोनवरून कोण द्यायचं? कल्याणराव उस्तादच द्यायचे! मूठभर हळद टाक अन् हळूहळू ये, असं किती जणांना सांगितलं होतं त्यांनी. ती हळद पुढं कुठं जाऊन बसते, ह्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

चकचकीत हेड अशाच एखाद्या गाडीचं असणार. चीर एवढी बारीक, आणि हळद एवढी घट्ट बसलेली, की बीड अखंड असल्यासारखं वाजलं. त्यांच्या कानाला फसवलं कुणी, तर स्वयंपाकघरातल्या डब्यानं. लाज वाटली त्यांना.

ताटावरून उठले. महादेवी म्हणाली, "अवो, भाकर तरी संपवा." पण ते उंबऱ्याबाहेर गेले होते.

दुकानात आश्रुबा तोंड पाडून बाकावर बसला होता. रुद्राणी हेडाशेजारी उभी, हात बांधून. बाप आला तशी तिनं मान ताठ केली, भांडणाच्या तयारीनं. पण उस्ताद तिच्याकडं न बघता सरळ मागं गेले, हौदाखालची भट्टी पेटवली आणि लोखंडी पट्ट्या, रबरं बाहेर काढली.

"उभी काय राहिलीस? पाण्याची भोकं बंद कर. हवा भरायची हाय ना?"

रुद्राणी पाना घेऊन लागली कामाला.

भोकं बंद झाली, हवेची नळी जोडली, हेड गरम पाण्यात बुडवलं आणि कॉम्प्रेसर सुरू केला. तिघेही हौदावर वाकले. आधी काहीच नाही. पाणी तापत गेलं तसं बीड आतून ताणलं जाऊ लागलं. आश्रुबा म्हणाला, "न्हाई बा, चांगलंच दिसतंय." उस्तादांनी त्याला हातानंच गप्प केलं. आणि मग दोन सीटांच्या मधून, अगदी रुद्राणीनं बोट ठेवलं होतं तिथून, बारीक मोहरीएवढा बुडबुडा निघाला. त्याच्यामागं दुसरा. मग माळच लागली.

कॉम्प्रेसरचा आवाज तेवढा चालू.

"बंद कर," उस्ताद म्हणाले. आश्रुबाकडं वळले. "बघितलंस? माजा कान चुकला. मी पास केलेलं हेड तुला घाटात मारणार होतं. माज्या पोरीनं धरलं. डोळ्यानं धरलं तिनं, एका क्षणात!"

रुद्राणीनं मान खाली घातली. बापाला जिंकून दाखवायचं असं काही तिच्या मनात नव्हतं, आणि जिंकल्यावर काय करायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. तिला रडू यायला लागलं, ते तिनं खोकल्यात घालवलं.

उस्तादांचं मात्र वेगळंच झालं. लाज वाटली होती ती घरी ताटावर. इथं त्यांना जे वाटत होतं ते लाजेचं नव्हतंच, छाती फुगायला लागली होती. ते तडक समोरच्या हॉटेलात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की कल्याणराव आज फसला आणि त्याच्या लेकीनं त्याला वाचवलं. आपलीच चूक एवढ्या थाटात सांगणारा माणूस पालमच्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. एकजण म्हणाला, उस्ताद, पेढे वाटता का काय? उस्ताद म्हणाले, तुजा पेढा ह्या चहात बुडव, आणि सगळ्यांचा चहा आपल्याकडं लावून निघून आले.

आता राहिलं गंजकं हेड.

"काढ ते तुजं," उस्ताद म्हणाले. "तुजं तूच बघ, मी नुसता हाताखाली हाय."

रुद्राणीनं ते सोड्यात टाकलं, सळया घालून पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या, आणि ढेपाच्या ढेपा पांढरा क्षार बाहेर निघाला. कुठल्या कुठल्या गावांच्या बोअरचं पाणी ते हेड पीत आलं होतं कोण जाणे. सगळं निघाल्यावर ती म्हणाली, "अप्पा, आता वाजवा."

उस्तादांनी टोला दिला. असा स्वच्छ आवाज निघाला की आश्रुबानंही मान डोलावली. गरम पाण्यात हवा भरून बघितलं, एक बुडबुडा नाही. पट्टी लावून बघितलं, तर पृष्ठभाग अगदी थोडा वाकलेला. रुद्राणीनं मशीनवर लावून तो जेमतेम निघेल एवढाच घासला, जास्त एक कण नाही. जास्त घासलं की हेड पातळ होतं आणि वॉल खाली पिस्टनला धडकायची भीती.

मग नव्या सीटा. त्या बसतात इतक्या घट्ट की नुसत्या ठोकून बसत नाहीत. आश्रुबाला सोडा-सरबताच्या गाड्यावर बर्फ आणायला पिटाळलं. मुकादम माणूस, टोळीवर ओरडायची सवय, पण गेला मुकाट्यानं. सीटा बर्फात गारठवल्या, हेड तापवलं, आणि रुद्राणीनं चिमट्यानं एकेक सीट उचलून जागेवर सोडली. थंडीनं आकसलेली सीट अलगद खाली जायची आणि हेड निवलं की कायमची धरली जायची. उस्ताद चिमटा मागायला हात पुढं करत, मग आठवल्यासारखा मागं घेत.

वॉल घासायचं काम दोघांनी मिळून केलं. घासायचा मसाला लावून, दोन्ही तळव्यांत वॉलची दांडी धरून, ताक घुसळावं तशी फिरवायची, मधूनच उचलायची, परत फिरवायची. सीटेवर सगळीकडं सारखी राखाडी कडी उमटली की झालं. उस्ताद आपल्या कड्या सोडून लेकीच्याच बघत होते. तिच्या जास्त सरळ होत्या. घरी गेल्यावर त्यांनी महादेवीला तेच सांगितलं, आणि महादेवीनं सकाळी ते शेजारी सांगितलं.

वॉल बसवून भोकांत डिझेल भरून ठेवलं. चहा झाला, गप्पा झाल्या, तरी खाली थेंब आला नाही. मग हेड गाडीवर चढवायचं. बोल्ट आवळायची वेळ आली तसा आश्रुबा हळूच उस्तादांच्या कानाशी आला.

"उस्ताद, राग मानू नका. बोल्ट तेवढे तुमच्या हातानं आवळा ना. पोरीच्या हाताचं..."

"आश्रुबा! पोरगी नसती तर उद्या तू घाटात टोळीसकट रस्त्यावर बसला असतास अन् मला शिव्या घातल्या असत्यास. तिच्या हाताचं चालत न्हाई तर हेड उतरवतो, जा घेऊन तुजा ट्रक ढकलत!"

"न्हाई न्हाई, आवळा ताई, तुमीच आवळा," आश्रुबा घाबरून म्हणाला.

रुद्राणीनं मधल्या बोल्टापासून सुरुवात करून बाहेर बाहेर येत, फेरीफेरीनं आवळत नेलं. गाडी चालू झाली. धूर स्वच्छ. गाडी गरम होऊन निवल्यावर तिनं परत एकदा सगळे बोल्ट आवळून बघितले, आणि मग म्हणाली, "जावा आता."

टोळी निघाली. ट्रकमध्ये माणसं, गाठोडी, कोंबड्या, वर दोन सायकली. बायनाबाईनं गाडीवरूनच रुद्राणीला हात केला. ट्रक स्टँडवरून वळेपर्यंत उस्ताद रस्त्यात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचं कशात लक्ष लागेना. दुपारपर्यंत गाडी घाटात पोचायची. ते सारखा फोन काढून बघत. रुद्राणी म्हणाली, "अप्पा, बसा की निवांत." म्हणाले, "मी निवांतच हाय," आणि परत फोन काढला. दिवस कलला तेव्हा फोन वाजला. आश्रुबाचं नाव बघून उस्तादांनी घाईनं फोन कानाला लावला.

"बोल आश्रुबा. काय झालं? कुठं हायस?"

"घाट चढला, उस्ताद! भरल्या गाडीनं! तापमानाचा काटा जागचा हलला न्हाई बगा. लोक गाणे म्हणायलेत मागं."

उस्तादांनी डोळे मिटले. बाकाच्या पाठीला टेकले. "शाबास," म्हणाले, पण कुणाला ते त्यांनाच कळलं नाही.

"अन् ऐका ना," आश्रुबा पुढं म्हणाला. "इथं ढाब्यावर बीडकडच्या एका टोळीची गाडी तापून उभी हाय. ड्रायव्हर म्हणतोय तेलात पाणी उतरलंय. मी म्हणलं, पहिलं पालमला विचारू. फोन ताईला द्या बरं."

"मला विचार की."

पलीकडं आश्रुबा खाकरला. "ताईलाच द्या ना, उस्ताद."

एरवी असं कुणी बोललं असतं तर त्याची सात पिढ्यांपर्यंत खरडपट्टी निघाली असती. उस्ताद उठले, लेथपाशी गेले आणि फोन लेकीच्या हातात दिला. "तुला हाय," म्हणाले. तिनं हात पुसले, फोन कानाला लावला आणि विचारायला लागली, तेल दुधावानी पांढरं दिसतंय का, पाण्यात बुडबुडे येतेत का, गाडी किती वेळ तापलेली चालवली.

उस्ताद दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात टमटममधून एक माणूस उतरला, गंगाखेडकडचा असावा. टमटमवाल्याच्या मदतीनं त्यानं एक हेड फरशीवर ठेवलं आणि घाम पुसत म्हणाला,

"उस्ताद, जरा बघता का? पास हाय का न्हाई तेवढं सांगा."

कल्याणरावांनी आत बोट केलं आणि त्याच्यासाठी बाक पुसला.

"उस्ताद फोनवर हायत," ते म्हणाले. "बसा जरा."